डबा विचारत राहतो

४ सप्टेंबर

धाकट्या,

आशीर्वाद आहेतच, ते दर पत्रात लिहून शाई कशाला घालवू. कामाचं लिहिते. आठवड्याची लाँच उद्या निघेल, त्याआधी हे पत्र टपालाच्या पिशवीत पडायला हवं.

तू येऊन होड्यांवर डबे बसवून गेलास, त्याबद्दल लिहायचं आहे. तेव्हा धक्क्यावरच्या लोकांनी तुला खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. टॉवर नको, तार नको, होडी होडीशी बोलेल, निरोप हातोहात किनाऱ्याला येईल. मीही जाळी शिवायच्या शेडमध्ये मिरवत होते, माझ्या भावाने केलंय म्हणून. आता शेडमध्ये कोणी डब्याचं नाव काढलं की मी सुईत दोरा ओवायला लागते.

तुझा डबा आमच्या होडीच्या टपावर नुसता राबतो. आमची होडी मधोमध उभी राहते. त्यापुढे गेलेल्या होड्यांचा जो काही निरोप असेल तो आमच्याच डोक्यावरून येतो आणि किनाऱ्याचाही आमच्याच डोक्यावरून जातो. हे म्हणतात, त्यावरचा हिरवा दिवा सारखा लुकलुकत असतो, डोळा लागू देत नाही. कोणाच्या सासूची दाढ दुखते, कोणाचा बोकड विकायचा की ठेवायचा. परवा माझ्या जावेने माझ्या धाकट्या दिराला निरोप धाडला, येताना दोर घेऊन या. समुद्रात दोराचं दुकान कुठे आहे ते तिलाच विचार. तोही आमच्याच डब्याने पोचवला. भिंतीला भिंत लागून घर आहे, पण त्यांची ती तांबडी होडी आमच्या पुढे जाते ना, म्हणून.

आणि मी काय निरोप पाठवला? छप्पर गळतंय, लवकर या. एवढंच. धक्क्यावरच्या ऑफिसात किनाऱ्याचा डबा सांभाळणारा तुमचा तो कारकून आहे ना, तो चष्मा पुसत म्हणतो, बाई, पोचला नाही, तुमच्या होडीची बॅटरी संपली. सगळ्या जगाचं पोचवून झालं आणि घरचं आलं तेव्हा मेला.

हे काही बोलणार नाहीत. मेहुण्याची वस्तू म्हणून रोज फडक्याने पुसतात. मी बोलते. एकतर आमच्या डब्यातून फक्त आमचं जाऊ दे, नाहीतर येऊन काढून ने. मी चौथीत शाळा सोडली, पण कोण कोणाला राबवून घेतंय एवढं कळायला चौथी पुरते.

थोरली


१२ सप्टेंबर

ताई,

तुला आणि दाजींना नमस्कार. पत्र वाचून हसलो, पण तुझं म्हणणं खरं आहे.

कुठे आग लागली की विहिरीपासून माणसं रांगेत उभी राहतात आणि बादली हातोहात जाते, तसं हे आहे. एका डब्याची हाक फार लांब जात नाही. म्हणून तो जवळच्याला देतो, जवळचा त्याच्या जवळच्याला, असं करत निरोप किनाऱ्याला लागतो. रांग कोणी आखून दिलेली नसते. होड्या हलतात तशी ती मोडते आणि डबे आपसांत विचारून नवी धरतात. ही रांग कमीत कमी हातांची असावी एवढंच मी त्यांना शिकवलं होतं. मधला माणूस थकलाय का, हे विचारायला शिकवलं नाही. ती चूक माझी.

आता नवीन प्रोग्रॅम लिहिला आहे. प्रत्येक डबा शेजाऱ्यांना आपली बॅटरी किती उरली ते सांगेल, आणि जो थकला असेल त्याला वगळून निरोप थोडा वळसा घेऊन जाईल. तो भरलेली कार्डं लाँचबरोबर पाठवतो. कारकून एकेका डब्यात घालून देईल.

अजून एक गंमत त्यात केली आहे. प्रत्येक डबा आपली होडी कुठे आहे तेही सांगत राहील आणि सगळ्यांच्या डब्याच्या काचेवर सगळ्यांचे ठिपके दिसतील. कोणाचं इंजिन बंद पडलं, पाणी शिरलं, तर लाल बटण दाबायचं. सगळ्यात जवळ कोण ते लगेच कळेल. यापुढे तुमच्या धक्क्यावरचं कोणी हरवणार नाही.

फक्त एक कर. दाजींना सांग, डबा बंद करू नका. रांगेतून एक माणूस निघाला तरी बादली सांडते. साहेबांना दर महिन्याला मला दाखवावं लागतं की शंभर निरोपांतले किती पोचले. दाजींच्या भरवशावर आहे.

तुझा
धाकटा


२७ सप्टेंबर

धाकट्या,

कार्डं घातली. बॅटरी आता सकाळपर्यंत टिकते, ते मान्य. बाकी तू जे करून ठेवलंयस त्याला काय म्हणावं मला कळत नाही.

ठिपके! अरे, तू याच धक्क्यावर वाढलास ना? मासा कुठे लागला हे इथे माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही. माझ्या सासऱ्यांनी मरेपर्यंत खडकापलीकडची जागा सांगितली नाही. दोन्ही मुलं उशाशी बसून विचारत होती, आणि ते म्हणत होते, पाणी द्या. भरपूर मिळालं तर धक्क्यावर रडका चेहरा करून उतरायचं आणि काही नाही मिळालं तर शीळ घालत, ही इथली रीत. आणि तू सगळ्यांचं गुपित काचेवर मांडून ठेवलंस. शहरात राहून तुला वाटायला लागलं की माणसाकडे लपवण्यासारखं काही नसतंच.

मग काय व्हायचं ते झालं. पहिल्या आठवड्यातच सगळ्यांनी डबे काढून प्लास्टिकच्या पिशवीत बांधले आणि बर्फाच्या कप्प्यात खाली घातले. तिथे डबा मुका आणि बहिरा होतो हे त्यांना तूच शिकवलंस. बसवताना दहादा सांगत होतास, लोखंडाच्या आणि बर्फाच्या आड ठेवू नका म्हणून. शहाणे लक्ष देऊन ऐकत होते.

एकच डबा वर आहे. आमचा. आणि हे लोक किती बेरकी ते ऐक. पहाटे क्षणभर आपला डबा बाहेर काढतात, आमचा ठिपका कुठे आहे ते बघतात, आणि परत बर्फात. दुसऱ्या दिवशी आमच्या जागेवर तीन होड्या हजर. त्यात एक तांबडी. मी ह्यांना म्हटलं, तुमचा भाऊ तुमच्या ताटातलं उचलतोय. तर म्हणतात, भाऊच आहे ना, परका तर नाही.

म्हटलं, "तुम्हीही घाला बर्फात."

"मेहुण्याला शब्द दिलाय."

"मेहुणा येतो का जाळं ओढायला?"

"सगळ्यांनीच बर्फात घातला तर डबा कशाला आहे मग?"

"तेच म्हणते मी. कशाला आहे?"

मग उठून फडकं घेतलं आणि डबा पुसायला गेले.

आता ऐक नीट. त्यांच्या जागेवर गर्दी झाली म्हणून हे पुढे जायला लागलेत. खडकाच्याही पुढे, जिथे कोणी पाठलाग करत नाही. होडी तेवढ्या पाण्याची नाही. खलाशी कुरकुरतो. माझं ते ऐकणार नाहीत, लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी ऐकलं नाही. तुझं ऐकतील. एक ओळ लिही. दाजी, डबा बंद करा, माझी हरकत नाही. एवढं लिहिलंस की ते आपल्या जुन्या जागेवर निमूट येतील. बाकी मला काही नको. तुझे शंभरातले किती ते तू बघ.

थोरली


६ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. ठिपक्यांचा विचार मला आधी सुचायला हवा होता. तू म्हणतेस तसं, मी तिथलाच आहे.

पण ताई, या महिनाअखेर मोठे साहेब हिशेब बघणार आहेत. सगळ्या होड्यांत एकही डबा जागा नसेल तर ते म्हणतील, योजनाच बंद करा. मग पुढे कधी कोणाला गरज लागली तर काहीच नसेल. दाजींचा एक डबा चालू असला तरी मला सांगता येईल की वस्तू चांगली आहे, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो.

तोवर मी ठिपके काढून टाकतो. जागा फक्त कारकुनाला दिसेल, होड्यांना नाही. नवी कार्डं महिनाअखेरच्या लाँचने येतील. मग कोणाला काही लपवायची गरज राहणार नाही आणि दाजीही आपल्या जागेवर येतील.

दाजींसाठी वेगळी चिठ्ठी आत ठेवली आहे. त्यांना म्हणावं, एवढा महिना.

धाकटा


२ नोव्हेंबर

धाकट्या,

तुझी चिठ्ठी ह्यांनी वाचली आणि खिशात ठेवली. खिशासकट गेले.

तुला ऑफिसातून कळलं असेलच, तरी लिहिते. खलाशी तापाने पडला होता. मी म्हटलं आज राहू द्या. म्हणाले, जाऊन येतो. दुपारनंतर वारा फिरला. संध्याकाळपर्यंत सगळ्या होड्या रात्रीचं सोडून परत आल्या, एकामागून एक, मी मोजत उभी होते. आमची आली नाही. दुसऱ्या दिवशी सगळे शोधायला गेले, ते कोणाला सांगावं लागलं नाही. सरकारी लाँचही फिरली. एक पांढरा कॅन मिळाला, तोंडाला दोरी बांधलेला. आमचा की आणखी कोणाचा, सगळ्यांचे कॅन सारखेच असतात. मला दाखवायला आणला. मी म्हटलं, मला काय दाखवता, त्यावर नाव लिहिलंय का?

घरात बायका बसून असतात. जाऊ चूल सांभाळते. रडायला इथे माणसं पुष्कळ आहेत, तू पत्रात रडू नकोस. मला एकच सांग.

त्यांनी हाक मारली का?

डब्यावर लाल बटण होतं. बॅटरी भरलेली होती, सकाळी मी स्वतः दिवा पाहिला. त्यांनी ते दाबलं का? दाबलं तर कोणाला ऐकू आलं? कारकुनाला विचारलं तर तो चष्मा काढून पुसत बसतो. त्या काचा एक दिवस झिजून जातील. तू केलेली वस्तू आहे, तुला माहीत असणार.

रोज संध्याकाळी मी ऑफिसात जाऊन त्यांच्या डब्यावर निरोप पाठवते. कुठे आहात. कारकून लिहून देतो. अजून उत्तर नाही.

थोरली


९ नोव्हेंबर

ताई,

तू म्हणालीस रडू नकोस, म्हणून फक्त उत्तर लिहितो.

आम्ही इथे तपासलं. दाजींच्या डब्यात खारं पाणी शिरलं होतं असं दिसतं. वरच्या झाकणाचं रबर कच्चं निघालं, ही माझ्या कारखान्यातली चूक आहे. डबा त्या दिवशी सकाळपासूनच निकामी असावा. दिवा लागतो, पण निरोप जात नाही, असं होतं कधी कधी. त्यामुळे त्यांनी बटण दाबलं असलं तरी काही गेलंच नसणार, आणि कोणाला ऐकू येण्याचा प्रश्नच नव्हता. आसपासच्या कोणाचा यात काही दोष नाही. दोष डब्याचा आहे, म्हणजे माझा.

मला शिव्या घाल. मी पुढच्या महिन्यात यायचं बघतो, इथे चौकशी चालू आहे, रजा मिळत नाही.

ताई, तू नीट जेव.

धाकटा


२० नोव्हेंबर

धाकट्या,

लहानपणापासून तू खोटं बोललास की फार व्यवस्थित बोलतोस. खरं सांगताना तुझी वाक्यं अडखळतात. या पत्रात एकही अडखळलं नाही.

डबा चांगला होता. कारकुनाकडून काढून घेतलं मी. त्याला म्हटलं, चष्मा दे इकडे, मी पुसते, तू बोल. तेव्हा बोलला. त्या दुपारी दोघातिघांनी आपले डबे क्षणभर बाहेर काढले होते, तेव्हा ह्यांच्या समोरच्या डब्यातून त्यांचा ठिपका पुढे ऑफिसपर्यंत आला होता. खडकाच्या बराच पुढे. म्हणजे डबा बोलत होता. मग समोरचा परत बर्फात गेला आणि ठिपकाही गेला.

तो समोरचा कोण, ते विचारायची मला गरज पडली नाही. परवा दीर आले. दारात उभे राहिले. बसा म्हटलं तर बसेनात.

"वहिनी, माझा डबा बर्फात होता."

"माहीत आहे."

"सगळ्यात जवळ मीच होतो."

"तेही माहीत आहे, भावजी."

"काहीतरी बोला मला."

"काय बोलू? बर्फ होता ना भरपूर?"

तेव्हा ते उंबऱ्यावर खालीच बसले. एवढा मोठा माणूस, दोन्ही हातांत तोंड घालून. म्हणाले, "मासा होता, वहिनी. त्या दिवशी खूप मासा होता. दादाच्या मागे गेलो होतो ना." मी पाणी दिलं. ते प्याले नाहीत. मी म्हटलं, उद्या होडी काढा, घरी बसून तुमच्या पोरांच्या पानात काही पडणार नाही. ते गेले. माफ केलं असं मी म्हणाले नाही आणि म्हणणार नाही. पण भिंत एकच आहे. त्यांचा खोकला मला इकडे ऐकू येतो, माझं भांडं पडलेलं त्यांना.

तू कोणासाठी खोटं बोललास ते मला कळतं. नको बोलूस. मला भिंतीपलीकडचा दोष माहीत असलेला चालतो, भिंतीपलीकडे काय आहे तेच कळलं नाही तर मला झोप येत नाही.

आता सगळ्यांनी डबे वर काढलेत. कोणी सांगितलं नाही. उंच काठ्या लावून त्यावर बांधलेत, एकमेकांच्या बॅटऱ्या तपासतात. तुझी नवी कार्डं यायच्या आधीच. मासा कुठे लागला ते आता कोणी लपवत नाही. धक्क्यावर उतरताना रडकाही चेहरा नाही आणि शीळही नाही, नुसत्या माशांच्या पाट्या उतरवतात. मी शेडमध्ये असले की बोलणं बंद. तुझ्या साहेबांना सांग, शंभरातले शंभर पोचतायत.

मी रोज निरोप पाठवते. आणि तुला परत विचारते. हाक मारली का?

थोरली


१ डिसेंबर

ताई,

खोटं बोललो. वाटलं होतं, आयुष्यभर शेजारच्या घराचा राग करण्यापेक्षा तू एका डब्याचा राग करावास. मला तेवढंच देता येत होतं. तेही तू घेतलं नाहीस.

खरं सांगायचं तर, मला माहीत नाही. कोणालाच कधी कळणार नाही. दाजींनी बटण दाबलं असेल तर त्यांच्या डब्याने आसपास विचारलं असेल, कोणी आहे का. कोणी उत्तर दिलं नाही म्हणजे त्याने थांबून पुन्हा विचारलं असेल. इथे सगळे मला म्हणत होते, तीन-चारदा विचारून डब्याने थांबावं, उगाच बॅटरी का जाळायची. निरोप पोचवण्याचं सगळं शास्त्र तेच सांगतं, मिळत नसेल तर सोडून द्या. मी हट्ट धरला. म्हटलं, समुद्रात माणूस आहे, थांबायचं नाही. म्हणून तो डबा बॅटरी संपेपर्यंत विचारत राहिला असेल. बॅटरी भरलेली होती म्हणतेस. म्हणजे ती रात्र, आणि कदाचित दुसरा दिवससुद्धा. हे तुला लिहू नये असं वाटत होतं. तू विचारलंस.

साहेबांना मी काय सांगितलं, तेही लिहितो. महिनाअखेर त्यांच्यापुढे उभा राहिलो आणि दाजींचा एकच डबा दाखवला. ते खूश झाले. त्या दिवशी दाजींना जाऊन आठवडा झाला होता आणि मला माहीत होतं. मी थांबतो इथे. याच्यापुढे लिहिता येत नाही.

ताई, आता एक मागायचं आहे आणि ते मागायची माझी लायकी नाही. तू रोज जो निरोप पाठवतेस, तो कुठेच जात नाही आणि संपतही नाही. किनाऱ्याचा डबा पहिल्या होडीला विचारतो, ही होडी पाहिलीस का. ती पुढच्या सगळ्यांना विचारते, त्या त्यांच्या पुढच्यांना. कोणीच हो म्हणत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. मीच तसं करून ठेवलंय. रोजच्या नव्या निरोपाने ते आणखी वाढतं. सगळ्या होड्यांच्या बॅटऱ्या पहाटेपर्यंत त्यातच संपतात आणि खरी हाक जायची वेळ आली तर जागा डबा उरणार नाही. कारकुनाने मला कळवलं. तुला सांगायची त्याची छाती झाली नाही. हे नुसत्या कार्डाने बदलत नाही, मी तिथे येऊन एकेक डबा उघडायला हवा, आणि मला अजून सोडत नाहीत.

निरोप पाठवणं थांबव. कारकुनाला सांगून दाजींच्या होडीचं नाव यादीतून काढ. तेव्हाच डबे विचारायचे थांबतील.

रागावू नकोस असं म्हणत नाही.

धाकटा


१५ डिसेंबर

धाकट्या,

तुझं पत्र वाचून आधी काय वाटलं ते सांगते, तुझ्यापाशी कशाला लपवू. बरं वाटलं. म्हटलं, जेव्हा विचारायचं तेव्हा सगळे बर्फात तोंड घालून बसले होते, आता रात्रभर प्रत्येकाच्या टपावरून ह्यांची चौकशी चालू आहे. चालू दे. बॅटऱ्या संपतात? संपू देत. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोनदा पाठवला. कारकून म्हणाला, बाई, भावाचं पत्र आलं नाही का? म्हटलं, आलं. पाठव.

असे चार-पाच दिवस गेले. रोज पहाटे होड्या येत, माणसं विझलेले डबे काढून उन्हात ठेवत आणि माझ्याकडे बघत नसत. त्यांना कळलं होतं कशाने होतंय. एकानेही येऊन सांगितलं नाही की बाई, थांबव. ते येऊन भांडले असते तर मी आणखी महिनाभर पाठवले असते.

मग शनिवारी वारा सुटला नव्हता, पण धुकं होतं. होड्या आल्या. तांबडी आली नाही. कारकुनाने डब्यावर विचारलं, तर काही लागेना, वाटेवरचे सगळे डबे विझलेले. मी शेडमधून बाहेर आले. जाऊ धक्क्याच्या टोकाला उभी होती. हात असे पोटाशी धरून. मी तिथेच, त्याच दगडावर, तशीच उभी राहिले होते, म्हणून मला मागून पाहूनही कळलं तिचं तोंड कसं झालं असेल. मी जवळ गेले. तिने वळून पाहिलं नाही. ती मला काही म्हणाली असती तरी चाललं असतं. म्हणाली, "ताई, तुम्ही आत जा, थंडी आहे."

ऊन चढल्यावर तांबडी आली. जाळं इंजिनाच्या पंख्यात अडकलं होतं, बाकी काही नाही. दीर उतरले, विझलेला डबा काढला, पुसला, उन्हात ठेवला. जाऊ घरी गेली. मी ऑफिसात गेले.

कारकुनाला म्हटलं, नाव काढ.

तो म्हणाला, "बाई, एकदा काढलं की त्या डब्याचा नंबर मिटतो. मग तो कुठे लागला तरी आपल्याला ओळखू येणार नाही."

म्हटलं, "कुठे लागणार आहे?"

त्याने मला खुर्ची दिली, मी बसले नाही. काचेवर सगळ्या होड्यांची नावं ओळीने होती, प्रत्येकीपुढे कोणामार्फत जायचं ते. आमच्या नावापुढे लिहिलेलं त्याने मला वाचून दाखवलं. रस्ता नाही, शोध चालू. म्हणाला, "शेवटचा एक निरोप पाठवायचा का?" मी म्हटलं, काय लिहिणार आहेस त्यात? मग त्याने बोट ठेवलं. खालची नावं एक घर वर सरकली. एवढंच झालं.

ऑफिसातून निघाले तर मला वाटलं होतं की रडू येईल. नाही आलं. शेडमध्ये जाऊन अर्धं राहिलेलं जाळं पुरं केलं. बायका बोलायला लागल्या, हळूहळू, कोणाच्या तरी सुनेबद्दल.

तू यायची घाई करू नकोस. इथे तुला करण्यासारखं काही राहिलं नाही. डबे उघडून शोध थांबवायला शिकवायचं असेल तर तेही नको. तो तसाच असू दे, पुढे कोणाला लागला तर. मी कोणाकडे परत काही मागणार नाही, तूही त्यांच्याकडे माझ्यासाठी काही बोलू नकोस.

रविवारी सकाळी सगळ्या होड्या वेळेवर आल्या. एकही डबा विझला नव्हता. बॅटऱ्या अर्ध्याहून जास्त भरलेल्या होत्या, दीर म्हणाले.

थोरली